मुलांच्या मापाची सहल

बालरोगशास्त्र शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली जाते: लहान मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना हे लक्षात ठेवावेच लागते; सहलीला निघताना आईबापांनीही ठेवावे. घरात भिंती, पलंग, पंखा, स्वयंपाकघर यांच्या आधाराने मुलाच्या शरीराचे वेगळेपण झाकून जाते. तेच मूल चार-पाच तास गाडीत बसले आणि दोन रात्री तंबूत झोपले, की त्याचे जड डोके, कोवळी मान, अजून घडत असलेली तोलाची जाणीव, पटकन उष्णता गमावणारी त्वचा, भराभर चालणारा श्वास, हे सगळे एकेक करून पुढे येते. तरीही आपण आखणीला बसतो तेव्हा समोर नकाशा असतो आणि हातात पाहायच्या ठिकाणांची यादी. सहा-सात वर्षांखालची मुले बरोबर असतील तर यादी बाजूला ठेवावी आणि आधी मुलाचे शरीर काय मागते ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून भंडारदरा घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले हे ठिकाण पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईहूनही साधारण तेवढेच. प्रवरेवर 1926 मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण, त्यामागे पसरलेला आर्थर जलाशय, एका बाजूला 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, दुसऱ्या बाजूला रतनगड, आणि रतनवाडीचे कोरीव कामाने नटलेले प्राचीन अमृतेश्वर मंदिर. जलाशयाच्या काठच्या गावांतली माणसे, त्यांत महादेव कोळी समाजाची घरे पुष्कळ, आपल्या जमिनीवर तंबू लावून देतात आणि चुलीवरचे जेवण करून वाढतात. तंबू घेण्यापासून तयारी करावी लागत नाही, आणि पैसा गावात राहतो. पहिल्याच खेपेला स्वतःचा तंबू घेऊन अनोळखी रानात उतरण्यापेक्षा लहान मुलांसह हाच मार्ग बरा. हंगाम म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात तंबूतला ओलावा हटत नाही. उन्हाळ्यात दुपारी तंबूत बसवत नाही.

पुण्याहून निघालात तर चाकण, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा रस्ता. मोबाइलवरचा नकाशा चार-साडेचार तास दाखवतो. त्याला सहा तास धरा. मुले झोपेत असतानाच निघावे म्हणून पहाटे तीनला गाडी काढणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. मुले झोपतात हे खरे, पण गाडी चालवणाऱ्याचे शरीरही त्याच वेळी झोप मागत असते. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधता दिवसातली सर्वांत कमी असते, भले तो रात्री लवकर झोपलेला असो. त्यात हा काळ ऊसतोडीचा. संगमनेर-अकोले पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि सगळ्यांच्याच मागे दिवा किंवा चकाकणारी पट्टी असेलच असे नाही. उजाडल्यावर निघावे, दिवेलागणीच्या आत पोचावे.

आता गाडीच्या आतले. ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ती हीच.

आईच्या मांडीवर बसलेले मूल सुरक्षित वाटते. गणित करून पाहू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. ती कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला थांबवण्यासाठी तिच्या वजनाच्या जवळपास वीसपट बळ लागते. दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला त्या क्षणी दोनशे किलोचा भार पेलावा लागेल, तोही डोळ्याचे पाते लवायच्या आत. कोणत्याही आईच्या हातात एवढे बळ नसते. आईने पट्टा लावला नसेल तर तिचे स्वतःचे वजन बाळाच्या मागून येते. आणि दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तर तो पट्टा बाळाच्या पोटात रुततो. ताशी 50 हा महामार्गावरचा वेग नव्हे, हा गावातल्या रस्त्यावरचा वेग आहे.

मुलाच्या बांध्याचा भाग यानंतरचा. नवजात बाळाच्या लांबीचा पाव हिस्सा डोके व्यापते; मोठ्या माणसात हेच प्रमाण साधारण सातवा-आठवा हिस्सा असते. मानेचे मणके पहिली काही वर्षे पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांत कूर्चेचा भाग मोठा असतो. समोर तोंड करून बसलेल्या तान्ह्याचे धड पट्ट्याने अडले, तरी ते जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण कोवळ्या मानेवर येतो. म्हणून बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची. धडक समोरून बसली की डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत रेटली जातात, आणि भार पसरून जातो. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांना उड्डाणाचा प्रचंड रेटा सोसण्यासाठी पाठीवर, अंगाच्या घडणीनुसार केलेल्या आसनात निजवत. ते पाहून आल्डमन यांना मुलांसाठी उलट तोंडाची सीट सुचली, आणि 1964 मध्ये तिच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. अंतराळवीरासाठी जी काळजी घेतली गेली ती आपल्या घरातल्या बाळासाठी घेणे अवघड नाही.

निदान पहिली दोन वर्षे, आणि सीटच्या मापात बसत असेल तर त्यानंतरही, मूल उलट तोंडानेच बसावे. चालकाशेजारच्या आसनावर ही सीट कधीही लावू नये. समोरची एअरबॅग फुटली तर ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. पुढे मूल वाढले की समोर तोंडाची, स्वतःचे पट्टे असलेली सीट. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, जेणेकरून गाडीचा पट्टा मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवरून आणि खांद्याच्या मध्यावरून जाईल. पट्टा पोटावर किंवा गळ्यावर येत असेल तर मूल अजून त्या पट्ट्याच्या मापाचे झालेले नाही. उंची साधारण 145 सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर लागतो, म्हणजे चौथी-पाचवीतल्या बऱ्याच मुलांनाही. आपल्याकडे 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 194-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. अंमलबजावणी फारशी दिसत नाही. पण वर केलेले गणित पोलिसाच्या उपस्थितीवर अवलंबून नाही.

चाइल्ड सीटचा दुसरा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. तो गाडी लागण्याशी संबंधित आहे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव डोके वळले की हलतो आणि मेंदूला वळणाची बातमी देतो. वेग वाढला, कमी झाला, याची बातमी तिथलेच दुसरे अवयव देतात. मागच्या आसनावर खोल बसलेल्या चार वर्षांच्या मुलाला खिडकीतून बाहेरचे काहीच दिसत नाही. त्याचे डोळे पाहतात ती पुढच्या आसनाची स्थिर पाठ किंवा हातातला मोबाइल. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, कान सांगतो की आपण वळणावळणाने जात आहोत. या विसंवादातून मळमळ सुरू होते. उलटीच का व्हावी, याचे एक उत्तर मिशेल ट्रिझमन यांनी 1977 मध्ये मांडले. निसर्गात डोळे आणि कान यांचा असा मेळ बिघडतो तो बहुधा विषारी काही खाल्ल्यावर, म्हणून मेंदू पोट रिकामे करायला सांगतो. हा अजूनही तर्कच आहे, पण मला तो पटतो.

दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी क्वचित लागते. त्यानंतर त्रास वाढत जातो आणि नऊ-दहा वर्षांच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हणजे ज्या वयात उलट तोंडाने बसायचे, त्या वयात गाडी लागण्याची भीती कमीच, आणि ज्या वयात त्रास सुरू होतो त्या वयात बूस्टर मुलाला उंच करून बाहेरचा रस्ता दाखवतो. चंदनापुरीचा घाट किंवा राजूरच्या पुढचा वळणांचा रस्ता लागला की मोबाइल, चित्रांची पुस्तके, रंगकाम सगळे बंद. लांबचा डोंगर पाहायला सांगायचे. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच कळलेले असते. तेच ज्ञान मुलाला द्यायचे: आता गाडी डावीकडे, आता उजवीकडे, पुढे मोठे वळण. मुलेच हळूहळू वळणे ओळखू लागतात आणि त्या नादात घाट पार होतो. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामे नको, तुडुंबही नको. तेलकट पुरी-भाजीपेक्षा दशमी, मेतकूट-भात, राजगिऱ्याची वडी बरी. घाटाआधी अर्धा तास उसाचा रस किंवा लस्सी पाजू नये. उलटीवरच्या मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. त्यातली काही औषधे मुलांना फार गुंगी आणतात. त्रास नेहमीचा असेल तर डॉक्टरांकडून मुलाच्या वजनानुसार औषध घेऊन ठेवावे.

दर दीड-दोन तासांनी थांबावेच, आणि थांबणे म्हणजे हॉटेलात खुर्चीवर बसणे नव्हे. मुलाला पळू द्या. नारायणगावजवळ थांबणार असाल तर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची गोष्ट त्यांना सांगा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. अकरा मोटारी एकीमागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी ही रुंदी. वाय या इंग्रजी अक्षराच्या आकारात त्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशातून येणारा रेडिओ लहरींचा अत्यंत क्षीण आवाज त्या ऐकतात, म्हणून आसपास गडबड कमी असावी लागते. पाच वर्षांच्या मुलाला ‘आकाश ऐकणारे कान’ एवढे सांगितले तरी पुढचा तासभर त्याचे प्रश्न संपत नाहीत.

थांब्यावर एक मात्र कधीही करू नये: ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवणे. काचांतून आत आलेले ऊन आसने आणि डॅशबोर्ड तापवते, आणि ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. अर्ध्या तासात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा अंशांहून अधिक वाढू शकते. डिसेंबरातल्या दुपारी बाहेर 28 अंश असताना आत 43. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते.

याच नियमाची दुसरी बाजू रात्री तंबूत कळते. दहा किलोच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मीटर असते, म्हणजे दर किलो वजनामागे 490 चौरस सेंटीमीटर. साठ किलोच्या माणसात हाच आकडा 275 च्या आसपास येतो. उष्णता तयार होते ती वजनाच्या आधाराने आणि बाहेर जाते ती त्वचेतून. त्यामुळे थंडीत मूल आपल्यापेक्षा पावणेदोन पट वेगाने निवू शकते. डोके मोठे असल्याने त्या त्वचेतला मोठा वाटा डोक्याचा. कानटोपी का लागते, याचे उत्तर इथे आहे. अगदी तान्ह्यांना नीट कुडकुडताही येत नाही, त्यामुळे थंडी वाजल्याची खूण दिसत नाही. त्यांचे हातपाय गार असणे एवढ्याने घाबरू नये. मानेमागे किंवा पोटावर हात लावून पाहावे. तिथे गार लागले तर मूल खरोखर निवले आहे.

भंडारदऱ्याला डिसेंबरात पारा रात्री दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही जातो. त्यात थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून घसरत खोलगट भागात साठते. जलाशयाच्या अगदी काठाचा, चित्रात छान दिसणारा तंबू पहाटे सर्वांत गार असतो. उतारावर थोडा वर, वाऱ्याच्या आडोशाला, वाळलेल्या फांद्या नसलेल्या जागी तंबू मागून घ्या. तंबूवाले ऐकतात.

तंबूत थंडी वरून लागते असे आपल्याला वाटते आणि आपण पांघरुणे वाढवत जातो. खरी चोरी खालून होते. अंगाच्या भाराने गादीतली हवा दबते आणि अंगातली उष्णता सरळ जमिनीत जाते. आणि जमीन कितीही उष्णता घेऊ शकते. वरच्या दोन पांघरुणांपैकी एक खाली टाका. आधी ताडपत्री किंवा फोमची चटई, तिच्यावर आपल्याकडची जाड गोधडी. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर शिवून केलेल्या गोधडीत थराथरांत हवा अडकलेली असते आणि ती दाबाखालीही बरीच टिकते. घरी असेल तर जरूर न्या. तिला घरचा वासही असतो, आणि मुलाच्या झोपेसाठी त्या वासाचे मोल आहे.

तंबूची सगळी छिद्रे बंद करून ऊब टिकवण्याचा मोह होतो. तसे करू नये. प्रत्येक माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफ होऊन जाते. ती वाफ गार कापडावर साचते आणि पहाटे थेंबथेंब पांघरुणावर पडते. ओले पांघरूण ऊब देत नाही. वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवली की तंबू कोरडा राहतो, आणि कोरडा तंबू शेवटी जास्त उबदार ठरतो.

आणि हे ठळक अक्षरांत लिहिले आहे असे समजून वाचा: निखाऱ्यांची शेगडी, पेटता कोळसा, गॅसची शेगडी, यांतले काहीही तंबूत नेऊ नका. विझत आलेले निखारेसुद्धा नाहीत. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. लहान मूल मिनिटाला पंचवीस-तीस वेळा श्वास घेते, मोठा माणूस बारा ते अठरा वेळा. म्हणून विषारी वायू मुलाच्या रक्तात आधी भरतो. शेकोटी बाहेर, ती विझवूनच आत यायचे. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवा, झोपण्यापूर्वी मुलांना गरम मऊ भात आणि पिठले पोटभर खाऊ द्या. अन्न पचताना शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते.

पहिल्या रात्री मुले नीट झोपत नाहीत. मोठेही झोपत नाहीत, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मोठ्या माणसाच्या मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीक आवाजालाही तो प्रतिसाद देतो. दुसऱ्या रात्रीपासून हे कमी होते. माझ्या मते कुटुंबाच्या सहलीसाठी या शोधाचा अर्थ सरळ आहे. एका ठिकाणी एक रात्र राहून पुढे जाणाऱ्याला रोज पहिलीच रात्र मिळते. मुले चिडचिडी होतात, आईबापही होतात, आणि त्या अवस्थेत वडील पुन्हा गाडी चालवायला बसतात. भंडारदरा, मग त्र्यंबक, मग सापुतारा अशी तीन रात्रींची रांग लावण्यापेक्षा भंडारदऱ्यालाच दोन किंवा तीन रात्री काढा. रोजची गोष्ट, रोजचे अंगाईगीत, रोजची झोपेची वेळ मोडू नका.

जनावरांविषयी भीती पुष्कळ असते आणि माहिती कमी. अकोले परिसरात बिबटे आहेत, हे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकोल्याच्या माणसांनी गजबजलेल्या शेतीपट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले. इतके बिबटे आणि इतकी माणसे शेजारीच राहतात, आणि बहुतेक रात्री काहीही घडत नाही. या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. तंबूबाहेर टाकलेले खरकटे कुत्र्यांना बोलावते, आणि कुत्री ज्याला बोलावतात तो त्यांच्यामागे येतो. म्हणून उरलेले अन्न झाकून तंबूवाल्यांच्या स्वयंपाकघरात द्यायचे. अंधार पडल्यावर मुलाने एकट्याने झुडपाआड बसायला जायचे नाही. उकिडवे बसलेले मूल उंचीने कुत्र्याएवढेच दिसते. मोठा माणूस, हातात बॅटरी, बोलत-बोलत जायचे.

खरकट्याचाच दुसरा धागा उंदरांमार्गे सापांपर्यंत जातो. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. यांतला मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि चावल्याची वेदना इतकी कमी असते की माणूस पुन्हा झोपून जातो. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. तंबूची चेन पूर्ण बंद ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय. बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे, कारण विंचवाला बूट आवडतो. लाल विंचवाचे विष मोठ्यात आणि मुलात सारखेच टोचले जाते, पण मुलाच्या दहा-पंधरा किलोत ते फार दाट ठरते आणि हृदयावर येते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात अशा रुग्णांसाठी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू खूप कमी केले. त्यांचे हे काम जगभरच्या डॉक्टरांनी स्वीकारले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, प्रतिविष आहे; वेळ वाया घालवायचा नाही. जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे, मांत्रिक, काहीही नाही. चावलेला अवयव हलू न देता गाडीत घालून सरकारी रुग्णालयात. पोचल्याबरोबर तंबूवाल्यांना जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे प्रतिविष आहे का हे विचारून ठेवा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण डोंगरात मोबाइलची रेंज कुठे मिळते तेही आधीच पाहून ठेवलेले बरे.

पाण्याची भीती मला सापापेक्षा जास्त वाटते. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याखाली गेले की आवाज निघायला हवाच नसते. जड डोक्यामुळे तोल गेलेले दोन वर्षांचे मूल गुडघाभर पाण्यातही उठू शकत नाही. धरणाच्या जलाशयाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जात नाही; गाळ पाय धरून ठेवतो आणि पुढच्या पावलाला जमीन नसते. काठावर असताना एका मोठ्या माणसाने दुसरे काहीही करायचे नाही. मूल त्याच्या हाताच्या अंतरात हवे आणि मोबाइल खिशात. नावेतून जाणार असाल तर मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट असेल तरच. जलाशयाचे पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही, आणि ओआरएसची पाकिटे पिशवीत असावीत.

एवढ्या काळज्या वाचून कोणी म्हणेल, मग जायचे कशाला? जायचे, कारण शहरातल्या मुलाला खरा अंधार कुठे भेटतो? शेकोटी विझल्यावर वीस-तीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत प्रकाशाने विस्कटलेले रंगद्रव्य पुन्हा तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ते पुन्हा विस्कटते. डिसेंबरच्या रात्री पूर्वेकडे मृग नक्षत्र वर येते, त्याच्या पुढे रोहिणी, त्याहून पुढे कृत्तिकांचा झुबका. मुलांना कृत्तिका मोजायला सांगा. 13-14 डिसेंबरच्या सुमारास जेमिनिड्स उल्कावर्षाव असतो. बरेच उल्कावर्षाव मध्यरात्रीनंतर रंगतात. हा रात्री नऊ-दहापासूनच चांगला दिसू लागतो, म्हणून मुलांसाठी तोच सोयीचा. त्या वर्षी चंद्र कधी मावळतो ते आधी पाहून तारीख ठरवावी.

भंडारदऱ्याचे काजवे तुम्ही ऐकले असतील. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडेच्या झाडे उजळतात. लहान मुलांसह मी त्या दिवसांतल्या शनिवारी जाण्याचा सल्ला देत नाही. गाड्यांच्या रांगा आणि त्यांचे दिवे यांनी काजव्यांचे मीलनच बिघडते, कारण त्यांचा प्रकाश हीच त्यांची एकमेकांना हाक असते. आडवारी जा, गाडी दूर लावा, दिवे बंद. आणि वळवाचे ढग आले तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीसच्या आत आले की सगळ्यांनी गाडीत बसायचे. तंबू विजेपासून मुळीच वाचवत नाही. गाडीचा पत्रा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतो.

परतीच्या दिवशी सकाळी काहीही पाहायला जाऊ नका. रविवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या वेशीवर तासन्‌तास अडकलेल्या गाडीत थकलेली मुले असतात, आणि थकलेला चालकही. नाश्ता करून निघा, दुपारी घरी या. वाटेत कोंभाळणे गावाकडे बोट दाखवून बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या बियाण्यांच्या घराची गोष्ट गाडीतूनच सांगता येईल. तिथे जाण्यासाठी वेगळा दिवस काढावा.

शेवटी खर्चाचे. तंबू, स्लीपिंग बॅग, चटया, सगळे भाड्याने मिळते, आणि ते भाड्यानेच घ्या. पैसे हाताशी मोजकेच असतील तर आधी चाइल्ड सीट विकत घ्या, तुमच्या गाडीत नीट बसते का ते दुकानातच लावून पाहा, आणि निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी मुलाला रोजच्या लहान फेऱ्यांत तिच्यात बसवायला सुरुवात करा. सहल त्यानंतर ठरवा.